लॅबकाकांची बाळभाजी

"काय बाई, उगवलं का?"

जिन्यात भेटले की लॅबकाका हेच विचारायचे. 'जेवण झालं का' नाही, 'शाळा कशी चाललीय' नाही, थेट 'उगवलं का'. विचारताना डावा डोळा मिटायचे आणि मान एवढी खाली घालायचे, की समोरच्याला वाटावं आपल्या पायाशी काहीतरी पडलंय. पहिल्यांदा मी खरंच खाली पाहिलं होतं. मग कळलं, ही त्यांची जन्माची सवय. ट्रेमधली रोपं अशी खालून, एका डोळ्यानं पाहिली की कुणी अजून मान वर काढली नाही ते लगेच दिसतं म्हणे. माणसांकडेही ते तसंच पाहायचे.

राहुरीत बसस्टँडच्या मागे आमची चार मजली इमारत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या, बरोबर माझ्या डोक्यावर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हणून त्यांच्या लेखी मी 'बाई'. ते एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्या इमारतीच्या लेखी ते लॅबकाका. त्यांची बायको ओघानंच लॅबकाकू झाली आणि त्यावर तिची कायमची तक्रार होती. "जल्मभर भाकरी थापल्या म्या. लॅबकाकू कशाची?"

आमची खरी ओळख भांडणातून व्हायची होती. एका रविवारी मी बाल्कनीत पांढरी साडी वाळत घातली आणि तासाभरात तिच्यावर वरून चहाच्या रंगाचं पाणी टपटपलं. मी साडी तशीच हातात घेऊन तणतणत वर गेले. दार उघडंच होतं.

"या या बाई. पाय बघून टाका, डाव्या अंगाला राजगिरा हाय."

मी पाय बघून टाकला आणि भांडण विसरले. टीव्हीच्या कपाटातून टीव्ही गायब होता. तिथे चार मजले करून ट्रे मांडले होते. मिठाईच्या खोक्यांची प्लॅस्टिकची झाकणं, बेकरीतले पत्र्याचे ट्रे, एक जुनं परातवजा ताट. चपलांच्या रॅकमध्ये मेथी, फ्रीजवर सूर्यफूल, खिडकीच्या कट्ट्यावर मोहरी आणि मुळा. प्रत्येक झाकणात बोटभर उंचीची, दोन दोन पानांची रोपं अशी दाटीनं उभी होती, जशी प्रार्थनेला आमच्या शाळेतली पहिलीची पोरं. सगळी खिडकीकडे वाकून बाहेर काय चाललंय ते बघत होती. चपला मात्र घरभर पसरल्या होत्या आणि टीव्ही पलंगावर, उशीला टेकून बसवला होता.

"मोड आलेली मटकी तुमी खाता," काकांनी मला न विचारताच सुरुवात केली. "मेथीची जुडी आनून भाजीबी खाता. पन मदलं कोन खातं?"

"मधलं म्हणजे?"

"पोर रांगतं आन् मग पळतं. त्याच्या मधी भिंतीला धरून उभं ऱ्हातंय का न्हाई? त्ये मदलं. दोन पानं उघडली की कात्रीनं कापायचं. मोबाईलवरची पोरं त्याला मायक्रोग्रीन म्हन्त्यात. मी बाळभाजी म्हन्तो."

असं म्हणून त्यांनी मुळ्याच्या झाकणातून कात्रीनं चिमूटभर कापलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी तोंडात टाकलं. अख्ख्या मुळ्याचा तिखटपणा त्या चार काड्यांत भरला होता. डोळ्यांत टचकन पाणी आलं. काका माझ्या तोंडाकडे एक डोळा मिटून बघत होते. "झोंबलं? कुटं झोंबलं, जिबेला का नाकाला?"

"दोन्हीला," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी लगेच खिळ्याला अडकवलेली एक लांबट वही काढली आणि त्यात लिहिलं. आतल्या खोलीत काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या. मला वाटलं, माणूस निवृत्तीनंतर थोडा सैल झालाय. साडीवरून भांडायला गेलेली मी मोहरीचा एक पेरलेला ट्रे घेऊन खाली आले.

तो ट्रे मी चौथ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात टाकला. बियांभोवती पांढरी लव आली होती, कापसासारखी. बुरशी म्हणजे बुरशी, तेवढं विज्ञान मीही शिकवते. पण जिन्यातून जाताना काकांना डबा दिसला आणि ते जिन्यातच मटकन बसले.

"बाई, जित्ती पोरं टाकली की वो तुमी!"

त्यांनी ट्रे उचलला, फुंकर मारून वरची कांद्याची सालं उडवली आणि खिशातून पाण्याचा फवारा काढला. हो, खिशातून. न्हाव्याकडे असते तसली छोटी बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायची आणि त्यामुळे सदऱ्याचा तो खिसा कायम ओला. त्यांनी दोनदा फुसफुस केलं. पांढरी लव बघता बघता दिसेनाशी झाली.

"ही मुळांची लव हाय. पानी मारल्यावर गायब झाली तर लव. तशीच ऱ्हायली तर बुरशी. आता शाळेत पोरान्ला सांगा, बाई चुकल्या हुत्या म्हनून."

मी सांगितलं. पोरांना फार आनंद झाला.

पेरल्यावर पहिले तीन दिवस ट्रेवर वजन ठेवायचं असतं. वजन ढकलून वर यायला लागलं की रोपाचं खोड दणकट होतं, असं त्यांचं म्हणणं. घरातला वरवंटा, इस्त्री, काकूंच्या माहेरचा पितळी हंडा, सगळं या कामाला लागलं. एकदा माझ्याकडे तपासायला आणलेल्या वह्यांचा गठ्ठा होता. "बाई, दोन दिवसासाठी द्या की. वर प्लास्टिक घालतो." मी दिला. गठ्ठा जरा दमट होऊन परत आला. सोमवारी वर्गात एका मुलीनं वही उघडली आणि किंचाळली. भागाकाराच्या उदाहरणावर मोहरीची दोन पानं आली होती. नंतर आठवडाभर सगळा वर्ग आपापल्या वह्या पाण्यात बुडवून आणत होता आणि मुख्याध्यापक मला विचारत होते की शाळेला गळती कुठून लागली.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. आम्ही दोघं गच्चीवर नारळाच्या भुशाची वीट पाण्यात भिजवून फोडत होतो. ही वीट पाणी प्यायली की घमेलंभर फुगते. काकांना दर वेळी त्याचं नवल वाटायचं आणि ते विटेला शाबासकी द्यायचे.

"लॅबमधी काय काम असतं सांगू? ओल्या कागदावर शंबर बिया मांडायच्या. आठ दिवसांनी मोजायचं, किती उगवल्या. आकडा सायबाला द्यायचा. आन् उगवलेलं सगळं उकिरड्यावर टाकायचं. जल्मभर म्या हेच केलं, बाई. चांगली तरारलेली रोपं, या हातानं टाकली. त्या बियांना औषद लावलेलं असायचं, गुलाबी. खाता येत न्हवतं, का गुरांना घालता येत न्हवतं. घरी आलं की हिला म्हनायचो, आजबी चारशे टाकून आलो."

"मग आता?"

"आता बिगरऔषदाचं बी आनतो. उगवतो आन् खातो. एकबी टाकत न्हाई."

त्यांचं गाव पाथर्डी तालुक्यात. आईबाप दर साल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. हे आत्याकडे राहून दहावी शिकले म्हणून लॅबमध्ये लागले. धाकटा भाऊ अजून तोडीला जातो. एकदा काका त्याला दाखवायला सूर्यफुलाचे दोन ट्रे मांडीवर घेऊन एसटीनं पाथर्डीला गेले. कंडक्टरनं विचारलं, हे काय? "बाळं हायेत," काका म्हणाले. "यांचं तिकीट बसत न्हाई."

गावात भाऊ बाजेवर बसला होता. त्यानं ट्रेकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं.

"दादा, एवढंच? वाढू तरी द्यायचं."

"न्हाई. हे आताच तोडायचं असतं."

"तोडतो कशानं?"

"कात्रीनं."

हे सांगताना काकांनाच हसू आवरेना. जन्मभर कोयत्यानं उसाचे फड आडवे केलेला तो भाऊ हसता हसता बाजेवरून खाली पडला म्हणे. मग उठून काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चला, म्हंजे तूबी तोडकरीच निघालास!" काका मला म्हणाले, "बाई, नोकरी लागल्यापासून तो माझ्याशी इतकं मोकळं कधी बोललाच न्हवता."

या सगळ्यात मला ती लांबट वही कोड्यात टाकायची. प्रत्येक ट्रे कापला की आमच्यातल्या कुणाला तरी बोलावून चव विचारायची, लिहायचं, आणि मग ती वाटी आत काकूंकडे न्यायची. एकदा काका बाजारात गेले होते, तेव्हा मी काकूंनाच विचारलं.  त्यांनी हात पुढे करून ब्लाउजची बाही दाखवली. तिच्यात आणखी एक दंड मावला असता.

"मागच्या पावसाळ्यात ताप आल्ता मला. ताप गेला, पन जाताना वास आन् चव घेऊन गेला. काय खाल्लं तरी कागद. मीठ न्हाई कळत, मिरची न्हाई कळत. सैपाक करायचा सोडला, कारन लोकाला कशाला खारट घालू? खायचीबी इच्छा न्हाई. खाल्लं काय, न खाल्लं काय, सारखंच." त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या ट्रेंकडे हात केला. "हे सगळं माझ्यापाई चाललंय, पोरी. त्यान्ला वाटतं, कवळ्या पानाचा वास उग्र असतो, कुठला तरी एक भिडंल. डाक्टर म्हन्ला टाइम लागंल. यान्ला दम निघंना."

माझ्या डोळ्यांसमोरून ते सगळे ट्रे गेले. ज्यांना आम्ही हसत होतो, ते सगळे. या इमारतीत मी नवी राहायला आले होते तेव्हा काकूंच्या ठेच्याचा खाट जिन्यात आला की चारही मजल्यांवर ठसका उठायचा आणि मग कुणी ना कुणी भाकरी घेऊन वर जायचं. तो ठसका कधी बंद झाला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी काकांच्या टोळीत सामील झाले. मग हळूहळू सगळी इमारत झाली. जिन्यातल्या खिडक्यांत ट्रे आले. चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी, ज्यांनी पाणी गळतं म्हणून नोटीस लावली होती, त्यांच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अळीव उगवू लागलं. रोज संध्याकाळी साडेपाचला परीक्षा. काकू मध्ये पाटावर, डोळ्यांवर टॉवेल बांधलेला. काका एकेक चिमूट भरवायचे.

"सांग."

"गवत."

"हे?"

"वल्लं गवत."

"आन् हे?"

"कागद. तुमच्या लॅबचाच असंल."

आम्ही हसायचो, काकूही हसायच्या, आणि काका तेवढ्याच गंभीरपणे वहीत 'गवत', 'ओले गवत', 'कागद' लिहायचे. एकदा सगळे गेल्यावर मी म्हणाले, "काका, वर्ष होत आलं." त्यांनी वही मिटली.

"बाई, आठ दिवसांनी जे बी उगवत न्हाई, ते आमी मेलं म्हनून लिहीत न्हाई. आधी चिमटीत दाबून बघतो. मऊ पडलं तर मेलं. टणक लागलं तर झोपलंय. त्याचा रकाना वेगळा असतो." त्यांनी आत पाहिलं. काकू पलंगावरच्या टीव्हीशेजारी बसून मालिकेतल्या सासूला मोठ्यानं शिव्या देत होत्या. "ही लई टणक हाय."

आणि मग तो रविवार आला. ती काही परीक्षेची वेळ नव्हती. दुपारचे चार वाजले होते. मी माझ्या घरी इमारतीतल्या बायकांसाठी भेळ केली होती. कोथिंबीर संपली होती, म्हणून माझ्याच खिडकीतली मोहरीची बाळभाजी मूठभर कापून वर टाकली. मीच उगवलेली, पाणी कधी जास्त कधी कमी, एका कोपऱ्यात टक्कल पडलेली. काकूंना आम्ही ओढूनच खाली आणलं होतं. त्या गप्पांच्या नादात एक घास तोंडात टाकून चावत होत्या. एकदम थांबल्या. नाक हातानं दाबलं. डोळे मोठे झाले.

"आगं बाई! काय टाकलंस ह्यात? नाकात गेलं मेलं!"

 दारात काका उभे होते, हातात मुळ्याचा ट्रे. तो ट्रे सुटला आणि मुळा, नारळाचा भुसा, पाणी, सगळं माझ्या उंबऱ्यावर.

"परत खा," काका म्हणाले. 

काकूंनी भेळेतून नुसती मोहरी वेचली आणि तोंडात टाकली. हळू चावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. झोंबल्यामुळे का आणखी कशानं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सांग," काका म्हणाले.

"तिखट," काकू म्हणाल्या. "आवं, तिखट हाय!"

पासष्टीचा माणूस उडी मारू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. तुम्हीही तिथे असतात तर तुम्हीही उड्या मारल्या असत्या. काका अनवाणी जिन्यात पळाले. आधी चौथ्या मजल्यावर, मग तळमजल्यावर, मग पुन्हा वर, आणि प्रत्येक दारावर थापा. "उगवलं! वो सायेब, उगवलं!" सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले. त्यांना वाटलं इन्व्हर्टर पेटला. खरं काय ते कळल्यावर ते तसेच बनियनवर काकांच्या गळ्यात पडले. माझ्या घरात तोवर काकूंनी तो टक्कल पडलेला ट्रे मांडीवर घेतला होता आणि कात्रीबित्री काही नाही, मुठीनं उपटून खात होत्या. प्रत्येक घासाला "आई गं" म्हणायच्या आणि पुढची मूठ उपटायच्या.

डॉक्टर नंतर म्हणाले, चव हळूहळू आपोआपच परत येते, यात पाल्याचा काही संबंध नाही. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डाक्टर बरोबर असतील. पन वहीत मोहरीपुढं 'तिखट' लिवलंय, त्ये म्या खोडनार न्हाई."

पुढे महिनाभरात एकेक परत आलं. मेथीचा कडवटपणा, धन्याचा वास, मग मीठ. मीठ आलं त्या दिवशी काकूंनी ताटातली आमटी चाखली आणि वाटी खाली ठेवली.

"हे तुमी केलं?"

"व्हय," काका अभिमानानं म्हणाले.

"वर्सभर मला हेच घालत हुता?"

"व्हय की."

"बरं झालं गेल्ती माझी चव!" असं म्हणून त्या कंबर खोचून ओट्याकडे गेल्या. थोड्या वेळानं जिन्यात ठेच्याचा खाट आला. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळे ठसकले, शिंकले, आणि परातीतली भाकरी तव्यावर टाकायची सोडून मी रिकामी ताटली घेऊन वर पळाले. जिन्यात गर्दी होती.

त्यांच्या मुलीला अकोले तालुक्यात दिलंय, भंडारदऱ्याच्या वाटेवर. तिला जुळी झाली. फोन आला तेव्हा काका गच्चीवर होते. तिथूनच ओरडले, "दोनपैकी दोन! शंबर टक्के!" मुलीची सासू थकलेली, जावई दिवसभर कामावर, शेवटी दोघांनी तिकडेच राहायला जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. भांडी, गाद्या, पितळी हंडा, सगळं चढलं. टीव्हीला काकूंनी कुणाचा हात लागू दिला नाही, तो पुढच्या सीटवर मांडीवर घेतला. प्रश्न होता तो पाच दिवसांच्या बावीस ट्रेंचा. मी म्हणाले, काका, आम्ही सांभाळतो. सेक्रेटरी म्हणाले, आम्ही आहोत ना. काकांनी सगळ्यांचं ऐकलं आणि बावीसच्या बावीस ट्रे टेम्पोत मागे मांडले. दोघंतिघं मदत करत होते, बाकीचे सूचना देत होते. मग काका स्वतः मध्ये मांडी घालून बसले. कुठलाच ट्रे हातापासून लांब राहणार नाही, अशी जागा त्यांनी शोधली होती.

टेम्पो हलला आणि वाऱ्यानं सगळी रोपं आडवी झाली. "थांब, थांब!" काकांनी ओरडून टेम्पो थांबवला. शेजारच्या गाठोड्यात हात घातला, जे पहिलं हाताला लागलं ते ओढलं आणि चारी बाजूंनी टेम्पोच्या दांड्यांना बांधून ट्रेंवर मांडवच घातला. हिरवं, लाल काठांचं, लांबलचक काहीतरी.

पुढून काकूंनी मान बाहेर काढली.

"आवं! ती माझी इरकल हाय! लग्नातली!"

"वारा लागतोय गं पोरान्ला!"

"सोडा म्हन्ते ना ती!"

"संगमनेरपातुर ऱ्हाऊ दे!"

ड्रायव्हर दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. शेवटी हसत त्यानं गिअर टाकला. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. टेम्पो मनमाड रोडला लागला, उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे. साडीत वारा भरला आणि ती टम्म फुगली. तिच्याखाली काका दिसत नव्हते. काकूंचा आवाज मात्र ट्रॅक्टरच्या धडधडीवरून ऐकू येत होता, आणि साडीखालून एक हात बाहेर आला होता. तो आधी आमच्याकडे हलत होता, मग सुटलेला काठ पकडून आत ओढून घेत होता.